देवघरातला बंद गडू

मित्रांनो, मी एक जुना गडू आहे. जुना आहे तो वयाने, वापराने नव्हे. काशीतल्या एका तांबटाने मला घडवलं तेव्हा पोट गोल केलं आणि मान मात्र इतकी बारीक ठेवली की आत कुणाचा हात जाऊ नये. आमच्या जातीच्या भांड्यांत हात घालायचा नसतोच. गंगेत बुडवून भरायचं, तोंडावर तांब्याचं झाकण बसवायचं आणि कडेने कथील वितळवून डाख द्यायचा, की झालं. पुढे ते तोंड एकदाच उघडतं. घरातलं माणूस शेवटच्या घटका मोजत असतं, तेव्हा डाख फोडतात आणि तुळशीच्या पानावरून दोन थेंब त्याच्या तोंडात सोडतात.

आता माझी पंचाईत बघा. इतर भांडी चुलीवर चढली की घर खुशीत असतं. मी कामाला यावं असं मात्र कुणालाच वाटत नसे. उपयोगी पडावं असं कुठल्या भांड्याला वाटत नाही? पण माझा उपयोग होऊ नये, हीच माझीही प्रार्थना होती.

मला म्हैसूरला, कानडीमिश्रित मराठी बोलणाऱ्या घरात आणलं ते विशालाक्षीबाईंनी. सासऱ्यांच्या अस्थी घेऊन त्या आणि त्यांचे यजमान तिरुमलराव काशीला आले होते. तिरुमलराव कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. दुकानात बाईंनी पाच-सहा गडू निवडले, पण मला मात्र दोनदा हातात घेऊन पाहिलं. घरी आल्यावर समाराधना झाली, जेवणावळ उठली, माझी बाकीची भावंडं नातेवाइकांकडे वाटली गेली. मला देवघरात कोनाड्यात बसवलं. बाई यजमानांना म्हणाल्या, "हा आपल्या दोघांतला. जो पुढे जाईल त्याचा."

"आणि मागे राहील त्याचं काय?" तिरुमलरावांनी विचारलं.

"त्यानं परत काशीला जायचं की! सुम्ने, उगाच घरी बसून काय करणार?" असं म्हणून बाई हसत हसत भांडी आवरायला गेल्या.

देवघराची खिडकी जगलीवर उघडत असे. जगली म्हणजे घरापुढचा ओटा. म्हैसूरच्या आमच्या गोकुलम भागात तेव्हा घरं विरळ होती, संध्याकाळी वारा यायचा, आणि तिरुमलरावांचे विद्यार्थी, शेजारची मुलं, घरची दोन्ही मुलं त्या ओट्यावर जमायची. थोरला रघूत्तम शांत, शब्द तोलून बोलणारा. धाकटी सुप्रीता म्हणजे भांडकुदळ, तिच्या जिभेला हाड नव्हतं. तिरुमलराव त्यांना गोष्ट सांगत आणि प्रश्न टाकून बसत. जगण्यामरणाचेच प्रश्न असत ते. मला बाहेर जाता येत नव्हतं, पण ऐकायला कुठे तोंड उघडावं लागतं?

एक गोष्ट मला अजून पाठ आहे. सरगूर गावाकडे त्यांच्या एका मित्राची शेती होती. त्याचा म्हातारा बैल पडला तो उठेना, वैरण खाईना. मालक रोज त्याचा जबडा उघडून बांबूच्या नळीने पेज ओतायचा. बैल मान फिरवायचा, मालक मान धरून ओतायचा. तिरुमलराव मुलांना म्हणाले, "नोडु, बघा, आता सांगा. त्यानं ओतत राहावं का थांबावं? उत्तर नको मला, कारण सांगा."

रघूत्तम म्हणाला, "जीव आहे तोवर पाजायचं. थांबायचं ठरवणारे आपण कोण?"

शेजारचा साकेत हिशेबी होता. तो म्हणाला, "त्रास बैलालाही होतो, मालकालाही होतो. दोघांचा त्रास कमी होईल ते करावं."

"बैलाला विचारा," सुप्रीता म्हणाली. सगळे हसले. ती चिडली. "हसता कशाला? तो मान फिरवतोय, म्हणजे सांगतोय की!"

तिरुमलराव खूश झाले. त्यांनी मुलांना समजावलं की जगातले मोठमोठे विचारवंत याच तीन वाटांनी गेलेत. कुणी म्हणतं कर्तव्य सोडू नये, कुणी म्हणतं परिणाम बघावा, कुणी म्हणतं ज्याचा जीव त्याला विचारावं. मारणं आणि जाऊ देणं एकच का, यावर तर त्यांचे वाद संपता संपत नाहीत. मुलांनी विचारलं, "सर, तुमचं मत काय?" तर ते नेहमीप्रमाणे मिशीत हसले. स्वतःचं मत त्यांनी कधीच सांगितलं नाही.

तेवढ्यात विशालाक्षीबाई चुरमुरीचा डबा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी विचारलं, "ते सगळं असू दे. त्या बैलाच्या डोळ्यांवरच्या माश्या कोण हाकलायलंय?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, "मग जा की कुणीतरी आधी," आणि मुलांच्या हातांवर चुरमुरी ठेवत फिरल्या.

असे दिवस होते ते, मित्रांनो. कितीतरी मुलं त्या ओट्यावरून उठून मोठी झाली. रघूत्तम नोकरीसाठी बंगळूरला गेला, सुप्रीता इथेच शाळेत शिकवू लागली. गोकुलममध्ये योग शिकायला परदेशी माणसं येऊ लागली आणि आमच्या माडीवर भाडेकरू आले. त्यांतल्या एका गोऱ्या बाईने एकदा मला पाहिलं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी सकाळी प्यावं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिने मला उचललं, हलवलं, पाणी आहे म्हणून हरखली आणि झाकण ओढू लागली. विशालाक्षीबाई धावत आल्या. "अय्यो, हे आत्ता नाही प्यायचं अम्मा! हे शेवटी, शेवटी!" ती बाई बिचारी माफी मागून गेली आणि मग घरातले आठवडाभर हसत होते.

वर्षातून एक दिवस माझा असे. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे नीर तुंबो हब्ब असतो, म्हणजे पाणी भरायचा सण. घरातले हंडे, घागरी, तपेली चिंचेने घासून लखलखीत करायची आणि ताज्या पाण्याने भरून, हळदकुंकू लावून रांगेत मांडायची. मलाही घासत. मी रांगेत मात्र नसे. मी भरलेलाच ना! बाई मला कानाशी धरून हलवत, आतलं पाणी डुचमळलं की "आहे, आहे," म्हणत आणि परत कोनाड्यात ठेवत. रांगेतल्या घागरींत नळाचं पाणी धो धो पडायचं. मला तो आवाज फार आवडे आणि थोडा हेवाही वाटे.

अशाच एका सणाला, मला घासता घासता बाई मोठ्याने बोलल्या. घरचे सगळे होते. रघूत्तमची मुलगी वर्षिणीही होती, मांडीवर फोन घेऊन बसलेली. बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी ऐका. माझं काही झालं तर नळी बेडा, मशीन बेडा. मला घरी आणायचं आणि हा फोडायचा. हे पाणी नळीतनं जात नसतंय, तोंडानंच प्यायचं असतंय."

बेडा म्हणजे नको. बाई नको म्हणायच्या तेव्हा कानडीतूनच म्हणत, म्हणजे पुढे वाद नसे.

पण त्या दिवशी सगळे एकदम बोलू लागले. रघूत्तम म्हणाला, "आई, सणाच्या दिवशी शुभ बोल की!" सुप्रीता डोळे पुसायला आत गेली. आणि तिरुमलराव? ज्यांनी आयुष्यभर शेकडो मुलांना मरणावर बोलायला शिकवलं, ते "साकु, साकु", पुरे, पुरे म्हणत उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. बाई मला हातात धरून एकट्याच बसल्या. चिंचेचा चोथा माझ्या पोटावर तसाच वाळला. तुम्हाला म्हणून सांगतो, मला त्या दिवशी यजमानांचा फार राग आला.

पुढे एका सकाळी बाई कॉफी गाळता गाळता खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. डोक्यात रक्तस्राव झाला होता. त्यांना इस्पितळात नेलं. देवघरात दिवा लागेना, मला कुणी पाहीना. घरातली माणसं येऊन जाऊन होती, त्यांच्या तुटक बोलण्यातून मला कळत गेलं. बाई कुणाला ओळखत नव्हत्या. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. मग एके दिवशी दुपारी सुप्रीताने इस्पितळातल्या डॉक्टर सौम्यांचा फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

डॉक्टर हळू आवाजात बोलत होत्या. श्वास थकत चालला होता. गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि मशीन लावलं तर श्वास चालू राहील, कदाचित कितीतरी महिने. पण बाई परत येणार नाहीत, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. नाहीतर घरी न्या, दुखू नये म्हणून औषध देऊ, नर्स येईल. "तुम्ही ठरवा. उद्या सकाळपर्यंत सांगा. कोणतीही वाट निवडलीत तरी मी तुम्हाला सोडणार नाही."

फोन बंद झाला. सुप्रीता म्हणाली, "ठरवायचं काय? आईनं सांगून ठेवलंय."

"सणाच्या दिवशी गमतीत बोलली ती!" रघूत्तमचा आवाज चढला. "आपण हो म्हणालो आणि ती गेली, तर ते आपण केलेलं होईल. मला नाही जमायचं."

"मान धरून ओतणार तू, रघू?"

"बैल आणि आई एकच का ग?"

दोघं तिरुमलरावांकडे बघू लागली. ते उठून देवघरात आले आणि माझ्यापुढे उभे राहिले. मला वाटलं, आता नमस्कार करतील. त्यांनी मागे वळून पाहिलं, मला उचलून धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि मागच्या दाराने कोठीच्या खोलीत नेलं. तिथे तांदळाचा डबा होता. त्यांनी हाताने तांदूळ उकरले, मला आत ठेवलं आणि वरून तांदूळ लोटले.

मित्रांनो, मी अंधारातच राहणारा. पण तो अंधार वेगळा होता. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला लख्ख कळलं. गडू नाही तर घरी आणणं नाही, घरी आणणं नाही तर जाणं नाही. एवढा शिकलेला माणूस, पण जीव अडकला की माणूस लहान मूल होतं. माझा त्यांच्यावरचा सगळा राग त्या तांदळात विरून गेला.

संध्याकाळी घरात गलका झाला. सुप्रीताला कोनाडा रिकामा दिसला होता. "रघू, गडू कुठाय? तूच हलवलास!" रघूत्तम देवाशपथ नाही म्हणत होता आणि ती ऐकत नव्हती. बोलण्यावरून बोलणं वाढत गेलं. तू लांब राहतोस, तुला काय कळतंय, इथवर आलं. मग रघूत्तमही बोलला, की जवळ राहिलीस म्हणून आई तुझ्या एकटीची झाली नाही. ही भावंडं अशी कधी भांडली नव्हती. तिरुमलराव तिथेच, त्या दोघांसमोर होते. त्यांनी खोकल्याचासुद्धा आवाज केला नाही.

शेवटी दोघं थकली. सकाळपासून कुणी जेवलं नव्हतं. सुप्रीता भाताचं आधण ठेवून तांदूळ घ्यायला कोठीत आली, डब्यात माप घातलं आणि ते माझ्यावर ठणकन आपटलं.

तिने मला बाहेर काढलं. तांदूळ झटकले. क्षणभर तिलाही कळेना. मग तिने देवघरात येऊन खिडकीतून पाहिलं. तिरुमलराव जगलीवर एकटे बसले होते, पाठ घराकडे करून. तिने मला पदराखाली घेतलं, भावाला हाक मारली, आणि दोघं बाहेर गेली. लहानपणी बसत तशी ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि मला मध्ये ठेवलं. मी त्या ओट्यावर पहिल्यांदाच आलो होतो.

ती त्यांच्यावर ओरडली नाही. तिने हळूच विचारलं, "अण्णा, उत्तर नको. कारण सांगा."

तिरुमलरावांनी माझ्या मानेला चिकटलेला तांदळाचा दाणा काढला. मग म्हणाले, "भीती वाटते ग."

"कुणासाठी?"

"हेच, हेच मला विचारायचं होतं त्या मालकाला," ते म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. "तिच्यासाठी नाही ग. तिला काय भीती? ती सांगून मोकळी झाली. भीती मला आहे. कॉफी कोण देणार, हाक कोण मारणार. मी तिची मान धरायलोय, रघू. माझ्यासाठी."

रघूत्तमही खाली बसला. "पण अण्णा, मारणं आणि जाऊ देणं यांत फरक आहे का खरंच? तुम्ही कधी सांगितलंच नाही."

"परीक्षेत दहा गुणांना विचारत होतो रे तो प्रश्न." त्यांनी डोळे पुसले. "आता कळतंय, पेपर सोप्पा काढत होतो. फरक आहे. तिचा आजार तिला नेतोय, आपण नाही. आपण फक्त वाट अडवून उभं राहायचं की तिच्याबरोबर दारापर्यंत जायचं, एवढंच आपल्या हातात आहे. आणि हे तिनं सांगितलं नसतं तर मी असं धाडसानं म्हणालो नसतो. ती बोलली होती. मीच चपला घालून निघून गेलो."

"मीही तिला शुभ बोल म्हणालो," रघूत्तम म्हणाला. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने त्याचा हात धरला. आत चुलीवर आधण उकळून आटून गेलं, तरी कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी विशालाक्षीबाई घरी आल्या. देवघराशेजारच्या खोलीत त्यांचा पलंग टाकला. नर्स औषध देऊन गेली, कपाळावरची आठी हळूहळू उलगडली. तिरुमलराव खुर्ची ओढून जवळ बसले ते उठेचनात. दार उघडं असल्याने मला सगळं दिसत होतं. दुपारी एक माशी आत आली. ती बाईंच्या पापणीवर बसे, ते हाकलत. ती परत येई, ते परत हाकलत. त्यांच्या हातात साधा ताडाचा पंखा होता. सुप्रीता म्हणाली, मी बसते. त्यांनी मान हलवली. "असू दे. हे काम माझं."

रात्र तशीच सरली. सकाळी स्वयंपाकघरात कॉफी उतरली, वास खोलीत आला, आणि बाईंचा श्वास बदलला. लांब लांब होऊ लागला. तिरुमलरावांनी मला आणायला सांगितलं. रघूत्तमने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, तिरुमलरावांनी डाखावर खिळा टेकवून वर बत्त्याने ठोका दिला. पहिला ठोका चुकला, दुसऱ्याला झाकण उचकटलं. चाळीसहून अधिक वर्षांनी माझ्या आत उजेड आला.

सुप्रीताने तुळशीचं पान ओठांशी धरलं. तिरुमलरावांनी थेंब सोडले. एक थेंब गालावरून ओघळला, तो त्यांनी उपरण्याने टिपला. दुसरा आत गेला. गळा हलला, मी पाहिलं. "प्यायलीस ग," ते म्हणाले, "तोंडानंच प्यायलीस." थोड्या वेळाने श्वास थांबला. कुणी घाईने उठलं नाही. पंखा काही काळ तसाच हलत राहिला.

उरलेलं पाणी रघूत्तमने तुळशीला घातलं. आणि मी रिकामा झालो. मित्रांनो, फोडलेल्या गडूचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. देवघरात तो परत ठेवत नाहीत, टाकवतही नाही. मला मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळ ठेवलं गेलं. वर्षभर घरात सण नव्हता. माझ्या पोटावर हिरवे डाग चढले, मानेत पाला अडकला. एक कावळा चोच मारून बघून जाई, आत काही नाही म्हणून रागावे. मला वाटलं, आपलं काम झालं, आता मोडीत जायचं.

वर्ष सरलं. यंदा दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी अंगणात पुन्हा चिंच भिजली. वर्षिणी भांडी गोळा करत आली आणि तिने मला दगडामागून काढलं. "अज्जा, हे पण घासू?" तिच्या मराठीत एवढेच शब्द होते, पण पुरेसे होते.

"घास की," तिरुमलराव म्हणाले. ते जगलीवरून आत येऊन भांड्यांजवळ पाटावर बसले. सुप्रीता तपेली घासत होती, रघूत्तम बादल्या आणत होता. तिरुमलराव म्हणाले, "सगळ्यांनी इकडे बघा. माझ्याबद्दल बोलायचंय."

कुणी शुभ बोल म्हणालं नाही. कुणी चपला घातल्या नाहीत. रघूत्तमने बादली खाली ठेवली. तिरुमलरावांनी आपल्याला काय हवं, काय नको, कुठवर औषध करायचं आणि कुठे थांबायचं, सगळं सावकाश सांगितलं. मध्ये सुप्रीताने प्रश्न विचारले, रघूत्तमने दोनदा हरकत घेतली, त्यावर वाद झाला. अगदी जुन्या ओट्यासारखा. मोठं माणूस बोलायला लागलं की त्याला गप्प करू नका, मित्रांनो. त्याला त्या घटकेला दुसरं काही नको असतं, फक्त तुम्ही बसून राहायला हवे असता.

"आणि तुम्हाला गंगा?" सुप्रीताने विचारलं. "काशीहून आणू नवा गडू?"

"कशाला? नळाला कावेरी येते की. ह्याच्यातलीच दे. आणि तोवर सगळ्यांना रोज पिऊ दे. ठेवून ठेवून काय करायचंय?"

वर्षिणीने मला नळाखाली धरलं. माझं तोंड लहान, त्यामुळे निम्मं पाणी तिच्या हातांवरून सांडलं आणि ती हसली. मग मला हळदकुंकू लावून तिने रांगेत ठेवलं, हंड्याच्या आणि घागरीच्या मधोमध. इतकी वर्षं मी भरलेला होतो, पण आपण स्वतः भरताना किती आवाज होतो, हे मी विसरूनच गेलो होतो.